त्याला ‘कुत्र्याची कावीळ’ म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘इन्फेक्शियस कॅनाइन हेपॅटायटिस’ या रोगाला बातम्यांत आणि दवाखान्यातल्या बोलण्यातही सर्रास ‘कुत्र्याची कावीळ’ म्हटले जाते. हेपॅटायटिस म्हणजे कावीळ, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. पण या एका नावापायी घराघरांत गोंधळ माजतो. कोणी विचारते, कुत्र्याची कावीळ आमच्या मुलांना लागेल का? कोणी म्हणते, डोळे पिवळे नाहीत, म्हणजे तो रोग नाहीच. आणि लसीच्या वेळी ऐकू येते, ‘आमच्याकडे कधी कोणत्या कुत्र्याला कावीळ झाली नाही, तेवढी एक लस राहू द्या.’ म्हणून हे सविस्तर पत्र.

हा रोग ‘कॅनाइन अ‍ॅडिनोव्हायरस टाइप १’ या विषाणूमुळे होतो. आपण त्याला सीएव्ही-१ म्हणू. स्वीडनमधील स्वेन रुबार्थ यांनी १९४७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. विषाणू तोंडा-नाकावाटे शिरतो, आधी टॉन्सिलमध्ये वाढतो, तिथून रक्तात उतरतो आणि यकृताच्या पेशी व रक्तवाहिन्यांचे अस्तर धरतो. लागण झाल्यापासून ४ ते ९ दिवसांत ताप येतो. पिल्लू खात नाही, पोटाला हात लावू देत नाही, गळ्याच्या गाठी सुजतात, हिरड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, सुई टोचली तर रक्त लवकर थांबत नाही. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली दिसू शकते. लस न झालेली लहान पिल्ले काही वेळा एका दिवसात दगावतात, तेव्हा घरच्यांना विषबाधेचाच संशय येतो.

या यादीत पिवळेपणा नाही, हे लक्षात घ्यावे. रोग तीव्र असताना पिवळेपणा सहसा दिसत नाही, कारण त्वचा पिवळी पडायला जो वेळ लागतो त्याच्या आत कुत्रा सावरतो किंवा जातो. उलट आपल्याकडे डोळे-हिरड्या पिवळ्या झालेला कुत्रा आला, तर आधी शंका घ्यायची ती गोचिडांमधून येणाऱ्या बॅबेसिया या रक्तातल्या परजीवीची आणि लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाची. लेप्टो माणसालाही होतो. तो उंदरांच्या आणि बाधित कुत्र्यांच्या मुतातून, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येतो. सीएव्ही-१ माणसाला होत नाही. त्याचा माणसांच्या हेपॅटायटिस ए, बी किंवा सी यांच्याशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे ‘कुत्र्याची कावीळ’ या एकाच शब्दाने, ज्या रोगाला हातमोजे घालून सांभाळायचे तो आणि ज्याची माणसाला भीती नाही तो, दोन्ही एकाच पिशवीत टाकले जातात.

या रोगाची खरी ओळखखूण पिवळी नसून निळी आहे. कुत्रा बरा होत आला असताना, लागण झाल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांनी, एका किंवा दोन्ही डोळ्यांवर निळसर-पांढरट धुके चढते. जवळून पाहिले तर बुबुळावर दुधाळ काच बसवल्यासारखे दिसते. कारण असे : डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, आतून पेशींचा एक पातळ थर असतो. हा थर कॉर्नियातले पाणी सतत बाहेर उपसत असतो. विषाणू आणि त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे यांचे जोडगोळे तिथे अडकतात, जळजळ होते, पेशी दुखावतात आणि उपसा थांबतो. पाणी मुरले की कॉर्निया फुगतो आणि निळा दिसतो. बहुतेक कुत्र्यांत हे दोन-तीन आठवड्यांत ओसरते, पण काहींत डोळ्याचा दाब वाढतो किंवा डाग कायम राहतो. इथे एक चूक वारंवार घडते. घरात पडून असलेले स्टेरॉइडचे थेंब डोळ्यात टाकले जातात. कॉर्नियावर जखम असेल तर त्या थेंबांनी ती खोल जाते. आधी फ्लुरेसीनचा हिरवा रंग टाकून जखम नाही याची खात्री करायची, मगच स्टेरॉइडचा विचार.

लसीचा इतिहासही याच निळ्या डोळ्यातून घडला. सुरुवातीच्या जिवंत लशी सीएव्ही-१ दुबळा करून केल्या होत्या. त्यांनी संरक्षण उत्तम दिले, पण काही कुत्र्यांचे डोळे लसीनेच निळे होऊ लागले. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, कॅनडात टोरंटोला खोकणाऱ्या कुत्र्यांच्या घशातून दुसरा अ‍ॅडिनोव्हायरस मिळाला. तो सीएव्ही-२. तो यकृताला हात लावत नाही, श्वासनलिकेत राहतो आणि ‘केनेल कफ’ या घोगऱ्या, ठसक्याच्या खोकल्यात इतर जंतूंच्या जोडीने भाग घेतो. हे दोघे चुलतभाऊच. शरीराने एकाला ओळखले की दुसऱ्यालाही ते अडवते. म्हणून दुबळा केलेला सीएव्ही-२ लसीत आला आणि सीएव्ही-१ बाजूला झाला. आज लसकार्डावर ‘एच’ किंवा ‘हेपॅटायटिस’ लिहिलेले असते तेव्हा बाटलीत हेपॅटायटिसचा विषाणू नसतोच, खोकल्यावाला सीएव्ही-२ असतो. एकाच टोचणीत दोन रोगांना आवर बसतो, त्यातही यकृताच्या रोगापासून मिळणारे संरक्षण खोकल्यापासूनच्या संरक्षणापेक्षा पक्के. खोकला पूर्ण टळेलच असे नाही, कारण त्यात बोर्डेटेला हा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएंझा हा विषाणूही असतात.

‘आता हा रोग दिसतच नाही’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. घरच्या, लस झालेल्या कुत्र्यांत तो कमी दिसतो तो लसीमुळे. विषाणू गेलेला नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवती मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांचा आणि खोकडांचा अभ्यास झाला होता. त्यात पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य रोगांबरोबर अ‍ॅडिनोव्हायरसचीही तपासणी होती, आणि कुत्र्यांच्या रक्तात त्याच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. म्हणजे माळरानावरचे खोकड आणि आपल्या दारातले पिल्लू एकाच साखळीत आहेत.

आता डोसांविषयी, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. पिल्लाला आईच्या चिकातून तयार प्रतिपिंडे मिळतात. पहिले काही आठवडे ती त्याचे रक्षण करतात आणि त्याच वेळी लसीतला दुबळा विषाणूही गिळून टाकतात. ही प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात. मधे काही दिवस असे येतात की खऱ्या रोगाला अडवण्याइतकी ती उरलेली नसतात, पण लस निकामी करण्याइतकी असतात. हे दिवस कोणत्या पिल्लात कधी येतील ते बाहेरून कळत नाही. एकाच वेताच्या दोन भावंडांतही फरक असतो, कारण कोणी जास्त चीक प्यायलेले असते, कोणी कमी. म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यायची. ६ ते ८ आठवड्यांना सुरुवात, मग दर २ ते ४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस पिल्लू १६ आठवड्यांचे झाल्यावर किंवा त्यानंतर. सहाव्या आणि नवव्या आठवड्याला दोन टोचण्या झाल्या की ‘कोर्स पूर्ण’ असा शिक्का पडतो, तो चुकीचा आहे. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेचा आताचा सल्ला असा की २६ आठवड्यांच्या सुमारास आणखी एक डोस द्यावा, म्हणजे मधे निसटलेली पिल्ले वर्षभर उघडी राहत नाहीत. पुढे अ‍ॅडिनो, पार्व्हो आणि डिस्टेंपर या तिघांसाठी ३ वर्षांच्या आत पुन्हा टोचायची गरज नसते. लेप्टोचे संरक्षण मात्र वर्षभराचेच, आणि रेबीजची लस कायद्याप्रमाणे व लेबलप्रमाणे. ‘दर वर्षी सगळे पुन्हा’ किंवा ‘एकदा झाले, आता नको’ ही दोन्ही टोके सोडावीत. शंका असेल तर शेवटच्या डोसानंतर किमान ४ आठवड्यांनी रक्तातली प्रतिपिंडे तपासता येतात.

बाटली हाताळतानाचे नियम साधे आहेत, पण ते मोडले तर टोचणी होते आणि संरक्षण मिळत नाही. जिवंत लस वाळवलेल्या वडीच्या रूपात येते, सोबत द्रवाची दुसरी बाटली. दोन्ही २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायच्या. दारात नको, तिथे दर उघडझापीला तापमान वर-खाली होते. बर्फाच्या कप्प्यात तर नकोच, द्रवातला लेप्टोचा भाग गोठला की बिघडतो. वडीच्या बाटलीत निर्वात पोकळी असते. सुई घातल्यावर द्रव आपोआप आत ओढला गेला नाही, तर बूच गळके आहे असे समजून ती बाटली बाजूला ठेवावी. मिसळताना हलकेच फिरवायचे, फेस येईपर्यंत झटकायचे नाही. मिसळल्यावर अर्ध्या तासाच्या आत टोचायचे. सकाळी दहा बाटल्या मिसळून शिबिरभर वापरणे म्हणजे दुपारच्या कुत्र्यांना पाणी टोचणे. डोस पूर्ण द्यायचा. पॉमेरेनियन असो वा ग्रेट डेन, मात्रा तीच, कारण वजनाप्रमाणे ठरते ते औषध, लस नव्हे. उकळून किंवा स्पिरिटने धुऊन पुन्हा वापरलेली सिरिंज नको. त्यात राहिलेले स्पिरिट डिस्टेंपर आणि पॅराइन्फ्लुएंझाच्या विषाणूंचे तेलकट आवरण फोडते. अ‍ॅडिनोला तसे आवरण नसल्याने तो कदाचित तगेल, पण बाकी लस वाया गेली. रेबीजची लस त्याच सिरिंजमध्ये मिसळायची नाही, लेबलवर तशी परवानगी असेल तरच. टोचल्यावर कुत्र्याला २०-३० मिनिटे दवाखान्यातच बसवावे. तोंड सुजणे, उलटी, कोसळणे हे झाले तर बहुतेकदा याच वेळात होते.

नाकात टाकायच्या केनेल कफच्या लशींबाबत एक इशारा. त्यांपैकी काहींत बोर्डेटेला जिवंत असतो. ती लस चुकून कातडीखाली गेली तर तिथे गळू होते, आणि यकृत निकामी झाल्याच्याही नोंदी आहेत. बाटली हातात घेतली की ‘नाकातून’ हा शब्द मोठ्याने वाचावा.

सीएव्ही-१ मधून बरा झालेला कुत्रा मुतातून ६ महिने किंवा त्याहूनही जास्त काळ विषाणू टाकू शकतो. कुत्रा दिसायला ठणठणीत असतो आणि सोसायटीच्या आवारातल्या प्रत्येक खांबावर पाय वर करतो. विषाणूला चरबीचे आवरण नसल्यामुळे तो चिवट आहे. ईथर, आम्ल, फॉर्मेलिन यांनाही दाद देत नाही, सावलीतल्या ओल्या जागी आठवडेच्या आठवडे टिकतो. हाताला सॅनिटायझर चोळून भागत नाही, साबणाने हात धुवावेत. वासाच्या पांढऱ्या फिनाइलवरही विसंबू नये. पिंजरा आधी साबणपाण्याने घासून स्वच्छ करायचा, कारण शी-मूत राहिले तर ब्लीच त्यातच खर्ची पडते. मग घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग असे ताजे मिश्रण १० मिनिटे ओले ठेवायचे, नंतर धुऊन वाळवायचे. लागण झालेल्या कुत्र्याच्या पिंजऱ्यासाठी मिश्रण याहून बरेच कडक करावे. मुतावर थेट ब्लीच ओतू नये, झोंबणारा वायू निघतो. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर तर कधीच मिसळू नये.

निवारा-केंद्रांत हे सगळे दुप्पट लागू. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस होते, ते उत्तमच. पण जिथे कुत्री दिवसेंदिवस एकत्र राहतात, तिथे आत येतानाच अनेक रोगांवरची एकत्रित लसही मिळायला हवी. अशा जागी पिल्लांना ४ ते ६ आठवड्यांपासून सुरुवात करून, २० आठवड्यांपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी टोचावे.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचतानाही नुसते ‘अ‍ॅडिनो पॉझिटिव्ह’ पुरेसे नाही. टाइप १ की टाइप २ हे विचारावे. प्रचलित पीसीआरपैकी एका पद्धतीत ई-३ जनुकाच्या भागाचा तुकडा वाढवतात. टाइप १ असेल तर तो डीएनएच्या ५०८ अक्षरांचा येतो, टाइप २ असेल तर १,०३० अक्षरांचा. नुकतीच लस झालेल्या कुत्र्यात सापडलेला टाइप २ हा लसीचाच असू शकतो, म्हणून नमुन्याबरोबर लसीची तारीख पाठवावी.

आता या विषाणूच्या दुसऱ्या आयुष्याबद्दल. ‘कुत्र्याच्या विषाणूने मेंदूवर उपचार’ असा मथळा वाचून कोणीही दचकेल. पण तो तोच लसीतला सीएव्ही-२ आहे, तोही कापून निष्प्रभ केलेला. फ्रान्समध्ये १९९७ पासून त्याचे जनुकवाहक, म्हणजे हवे ते जनुक पेशीत पोचवणारे विषाणू, तयार होऊ लागले. माँपेलिए येथील एरिक क्रेमर यांच्या गटाने ते पुढे नेले. विषाणूच्या डीएनएची लांबी सुमारे ३१ हजार अक्षरे. त्यातला ई-१ हा भाग काढला की त्याला स्वतःची संख्या वाढवता येत नाही. मग तो वाढवायचा कसा? कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या अशा पेशी घ्यायच्या, ज्यांच्यात ई-१ बाहेरून बसवलेला आहे. त्या पेशींत विषाणू वाढतो, बाहेर पडला की वांझ. रिकाम्या जागेत हवे ते जनुक घालायचे.

पण कुत्र्याचाच विषाणू का? माणसाच्या अ‍ॅडिनोव्हायरसची सर्दी आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी होऊन गेलेली असते, रक्तात प्रतिपिंडे तयार असतात. वाहक पोचण्याआधीच पकडला जातो. कुत्र्याच्या विषाणूला माणसाचे रक्त सहसा ओळखत नाही. पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरस निवडण्यामागे हेच गणित होते. फरक उद्देशाचा. लसीत शरीराने खडबडून जागे व्हावे असे वाटते, मेंदूतल्या जनुकाला मात्र वर्षानुवर्षे शांतपणे काम करायचे असते. म्हणून पुढे सीएव्ही-२ मधली सर्वच जनुके काढून, फक्त दोन्ही टोके आणि कवचात भरले जाण्याची खूण ठेवून ‘रिकामे’ वाहक केले गेले. २००४ मध्ये अशा वाहकातले जनुक उंदरांच्या जातीतल्या मोठ्या घुशीसारख्या रॅट या प्रयोगप्राण्याच्या मेंदूत, प्रतिकारशक्ती न दाबता, वर्षभर चालू राहिल्याचे दिसले. त्यात सुमारे ३० हजार अक्षरांची जागा असते. सध्या सर्वाधिक वापरात असलेल्या एएव्ही या छोट्या वाहकात ४,७०० च्या आसपासच मावतात.

त्याचा खास गुण २००१ मध्ये समोर आला. तो चेतापेशींना पसंत करतो आणि त्यांच्या लांब तंतूच्या टोकाला शिरून उलट दिशेने मूळ पेशीपर्यंत जातो. एसटीच्या शेवटच्या थांब्यावर चढून थेट डेपोत उतरावे तसे. तंतूच्या टोकावरचे सीएआर नावाचे प्रथिन हे त्याचे दार. त्यामुळे मेंदूच्या एका भागात सुई टोचली तर दूरवरून तिथे तार पाठवणाऱ्या पेशी सापडतात. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये २००६ साली झालेल्या प्रयोगात डोपामीन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन तयार न करू शकणारे उंदीर होते. ज्यापासून डोपामीन बनते ते एल-डोपा हे औषध रोज टोचल्याशिवाय ते खात नसत, उपाशी मरत. त्यांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात या वाहकाने ‘क्रे’ हे विकर (एन्झाइम) पोचवले, तिथे तंतू पाठवणाऱ्या पेशींतले बंद ठेवलेले जनुक सुरू झाले आणि उंदीर आपले आपण खाऊ लागले.

अडचणीही खऱ्या आहेत. ज्या पेशींवर सीएआर कमी, तिथे वाहक शिरत नाही. २०१८ मध्ये आधी सीएआरचेच जनुक पोचवून मग सीएव्ही-२ द्यायची युक्ती निघाली. कण सुमारे ९० नॅनोमीटरचा, एएव्हीच्या तिपटीहून मोठा, त्यामुळे टोचल्या जागेभोवती कमी पसरतो. रिकामे वाहक बनवताना मदतनीस विषाणू लागतो, आणि तो पूर्ण वेगळा काढला नाही तर शुद्धता ढासळते. साठवण उणे ८० अंशांना, छोट्या-छोट्या कुप्यांत वाटून करावी लागते, दर गोठण-वितळणीला ताकद घटते. आणि खुद्द कुत्र्यावर वापरायचा तर पंचाईत अशी की लस झालेल्या कुत्र्याच्या रक्तात याच विषाणूची प्रतिपिंडे असतात. तरीही २०१४ मध्ये एमपीएस-७ या आनुवंशिक रोगाच्या कुत्र्यांच्या मेंदूत या वाहकाने हरवलेले विकर परत आणल्याचे प्रसिद्ध झाले. सीएव्ही-२ मध्ये रेबीजच्या प्रथिनाचे जनुक बसवलेली लसही २००६ मध्ये उंदरांत एका डोसात उपयोगी ठरली. माणसासाठी मान्यता मिळालेला सीएव्ही-२ चा उपचार आज नाही, त्यामुळे तो देऊ करणाऱ्या जाहिरातीवर कोणी पैसे घालवू नयेत. रेबीजसाठीही आपली नेहमीची लसच घ्यावी.

आमची विनंती दोन ओळींची. बातमीत या रोगाला ‘श्वान अ‍ॅडिनोव्हायरस यकृतदाह’ म्हणावे आणि कावीळ हा शब्द लेप्टो व गोचीडतापाच्या बातमीसाठी राखावा. लसीची बातमी असेल तिथे ‘शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर’ हे वाक्य चौकटीत द्यावे.

आपले,
लहान प्राण्यांवर उपचार करणारे काही पशुवैद्यक आणि विषाणूशास्त्राचे अभ्यासक, पुणे